शब्दचर्चा : ऑब्जेक्टच्या लिस्टची ‘प्रत’ की ‘रूपांतर’?

प्रश्न : ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगविषयी मराठीत टिपण लिहिताना एका ठिकाणी अडचण आली आहे. ‘कर्मचारी’ हा मूळ क्लास (ज्यावरून ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीच्या वस्तू, घडतात तो साचा) आणि त्यापासून साधलेला ‘व्यवस्थापक’ हा क्लास असेल, तर व्यवस्थापकांच्या लिस्टमधील सर्व ऑब्जेक्ट कर्मचाऱ्यांच्या लिस्टमध्ये घेण्याला ‘प्रत काढणे’ म्हणावे की ‘रूपांतर करणे’? तसेच ‘शॅलो’ (फक्त लिस्टची) आणि ‘डीप’ (आतल्या ऑब्जेक्टसह) कॉपी यांसाठी ‘उथळ’ आणि ‘सखोल’ चालतील का?

उत्तर : ‘रूपांतर’ येथे टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण या क्रियेत कोणत्याही ऑब्जेक्टचे रूप बदलत नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेत व्यवस्थापकांची लिस्ट देऊन कर्मचाऱ्यांची नवी ॲरेलिस्ट (जावातील लिस्टचा एक प्रकार) तयार केली, तर तिच्यात केवळ रेफरन्स (ऑब्जेक्टकडे नेणारे दुवे) उतरतात आणि ते जुन्याच ऑब्जेक्टकडे निर्देश करतात. नव्या लिस्टमधून एखादा घटक काढून टाकला तरी जुन्या लिस्टला धक्का लागत नाही. परंतु नव्या लिस्टमार्फत एखाद्याचा पगार बदलला, तर तो जुन्या लिस्टमधूनही बदललेलाच दिसतो. नुसते ‘प्रत’ म्हटल्यास मात्र सगळेच स्वतंत्र झाले, असा वाचकाचा समज होईल.

‘उथळ’ला आपल्याकडे दोषाची छटा आहे आणि ‘सखोल’ला गुणाची. शॅलो कॉपी ही कमी दर्जाची नसते. पुष्कळदा तीच हवी असते. म्हणून मी ‘यादीपुरती प्रत’ आणि ‘वस्तूंसह प्रत’ असे शब्दप्रयोग सुचवतो.

प्रतिप्रश्न : सूचना पटली. पण प्रत्येक व्यवस्थापक हा कर्मचारीच असतो, तर मग प्रत न काढता एका लिस्टच्या जागी दुसरी लिस्ट सरळ का देता येत नाही?

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे. तशी मुभा दिली, तर कर्मचाऱ्यांची लिस्ट म्हणून मिळालेल्या त्या लिस्टमध्ये कोणीही साधा कर्मचारी घालू शकेल, आणि जिथे फक्त व्यवस्थापक असल्याची हमी होती तिथे ती हमी मोडेल. जावाच्या ॲरेला (ठरावीक लांबीच्या यादीला) ही मुभा आहे आणि तिची किंमत प्रोग्राम चालू असताना ॲरे स्टोअर एक्सेप्शन या त्रुटीच्या रूपाने मोजावी लागते. जावात २००४ साली आलेल्या जेनेरिक्समध्ये (लिस्टमधील घटकांचा प्रकार आधीच नेमून देण्याच्या सोयीत) कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी तो तपासून भाषांतरित करणारा प्रोग्राम, हीच चूक आधी अडवतो. सी शार्प या भाषेत २०१० च्या चौथ्या आवृत्तीपासून आय-इन्यूमरेबलला (घटक एकेक करून वाचण्याच्या प्रकाराला) अशी मुभा मिळाली, कारण त्यातून घटक केवळ वाचता येतात. प्रत काढल्यावर धोका उरत नाही. नव्या लिस्टमध्ये कोणी काहीही घातले तरी जुनी लिस्ट अबाधित राहते.

आणखी एक मत : सी प्लस प्लस या भाषेचा अपवाद टिपणात अवश्य नोंदवावा. तिथे व्यवस्थापकांच्या व्हेक्टरमधून (त्या भाषेतील लिस्टमधून) कर्मचाऱ्यांचा व्हेक्टर भरला, तर प्रत्येक ऑब्जेक्टचा कर्मचारी एवढाच भाग उतरतो आणि व्यवस्थापकाची खास माहिती गळून पडते. त्याला ‘प्रत’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे. ‘छाटलेली प्रत’ म्हणावे. ते टाळायचे असेल, तर व्हेक्टरमध्ये ऑब्जेक्टऐवजी पॉइंटर (ऑब्जेक्टचे मेमरीतील पत्ते) ठेवावे लागतात.