एमसीबी माणसाला वाचवत नाही

‘एमसीबी बसवलाय, आता शॉकची भीती नाही’ हे एका प्रतिसादातलं विधान मला अजिबात पटलं नाही. एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, वायरिंगला जपतो. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह झाल्याशिवाय पडणार नाही, आणि छातीतून गेलेला १०० मिलिअँपिअर प्रवाह काही सेकंद टिकला तरी हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. २३० व्होल्टला हा भार होतो जेमतेम २३ वॅटचा, म्हणजे एका लहान दिव्याइतका. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही!

त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे तेवढी गळती झाली की पडणारा स्विच हवा. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) पूर्ण परतला नाही, म्हणजे काही प्रवाह माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की तो क्षणात सप्लाय तोडतो. पण एक हात फेजला, दुसरा न्यूट्रलला लागला आणि जमिनीकडे गळती नसेल, तर तोही पडत नाही, कारण त्याच्या हिशेबी सगळं बरोबर असतं. शिवाय त्यावरचं ‘टी’ (टेस्ट, म्हणजे चाचणीचं) बटण अधूनमधून दाबून बघाच. आमच्या इमारतीत वायरमनने ते दाबलं तेव्हा काही घरांतले आरसीसीबी पडलेच नाहीत, आतून जाम झाले होते. आणि घरातल्यांना वाटत होतं आपण सुरक्षित आहोत.