मदत हवी आहे: धुरावर तंबाखू सुकवताना आग कशी सांभाळतात?

मंडळी, कोणाला फायर क्युअरिंगची, म्हणजे धुरावर तंबाखू सुकवण्याची, प्रत्यक्ष माहिती आहे का? अमेरिकेत केंटकी-टेनेसीकडच्या घरच्या शेतांवर गडद तंबाखूची झाडं काठ्यांवर ओवून उंच लाकडी बार्नमध्ये (कोठारात) टांगतात आणि खाली जमिनीवरच ओक, हिकरीची फळकुटं रचून वर लाकडाचा ओला भुसा दाबतात, म्हणजे जाळ न होता नुसतं धुमसत राहतं. इटलीतल्या तोस्कानो सिगारचा केंटकी जातीचा तंबाखूही असाच धुरावर तयार होतो.

तर माझं अडलंय ते असं की पानं पिवळी पडेपर्यंत साधारण १०० फॅरनहाइटच्या आत ठेवायचं, मग तपकिरी रंग बसायला ११५ च्या आसपास, हे वाचून समजलं, पण बार्नमध्ये उभा असलेला माणूस पुढच्या टप्प्यावर कधी जायचं हे कशावरून ठरवतो? पानाच्या मधल्या शिरेवरून की नुसत्या रंगावरून? आणि दमट हवा असली की भुसा वाढवतात का झडपा उघडतात? घाई केली तर पान हिरवटच राहतं म्हणे, ते नंतर काही केल्या सुधारत नाही.

पुस्तकी उत्तर नको, ज्यांनी डोळ्यांनी बघितलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. रात्री आगीवर लक्ष कोण ठेवतं तेही सांगा, कारण बार्न पेटायची भीती असतेच ना.