शब्दकोड्याचा उजवा कोपरा अडलाय: रात्र, कमळ, धूळ, झोप

रावपुरा_घड्याळवाला

नमस्कार मंडळी. बडोद्यात रावपुऱ्यात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. मराठी पेपर इथं मुंबईहून येतो आणि हातात पडतो दुसऱ्या दिवशी दुपारी. पावसाळ्यात गाड्या रखडल्या की दोन-दोन अंक एकदम येतात, नाहीतर एखादा गायबच होतो. गायब होणारा नेमका तोच, ज्यात आदल्या कोड्याचं उत्तर असतं. तेव्हा "उद्याच्या अंकात बघा" हा सल्ला कृपा करून देऊ नका.

कोपरा असा आहे: वरच्या ओळीत तीन घरं, बरोबर त्यांच्याखाली आणखी तीन, आणि मधल्या घराखाली एक. आजूबाजूला सगळं काळं.

आडवे ५: रात्र (३)
आडवे ९: कमळ (३)
उभे ५: धूळ (२)
उभे ६: मेघ, लवकर (३)
उभे ७: झोप (२)

रात्रीला मी यामिनी घातलंय (शाळेत वर्गात एक यामिनी होती, म्हणून चटकन आठवलं). झोप म्हणजे निद्रा. पण मग कमळाचं शेवटचं अक्षर द्रा येतं, आणि द्रा वर संपणारं कमळ मी तरी ऐकलेलं नाही. पंकज, सरोज, राजीव, नलिनी सगळी घालून पाहिली. शिवाय 'या'पासून सुरू होणारी धूळ कुठून आणू? पेपरचा कागद असा पातळ की खोडून खोडून यामिनीच्या जागी भोक पडलंय आणि त्यातून पलीकडच्या पानावरचं राशीभविष्य दिसतंय.

आता खरी अडचण. माझं शिक्षण गुजराती मीडियममधलं, मराठी घरातली. बोलायला कुठं अडत नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ सगळं अंदाजपंचे. आडव्या शब्दात नी आणि उभ्यात नि, असं एकाच घरात चालतं का? शेजारचा फरसाणवाला म्हणतो, "चाले ने, कोण जुए छे!" पण त्याला काय, त्याला कोडं पूर्ण करायचं नाही.

आणखी एक. आडवे १८: पुणे जिल्ह्यातील तालुका (३). बडोद्यातल्या माणसानं हे कसं ओळखायचं? त्याच्या शेवटच्या घरातून उभे १९ निघतं: नस (२). तेही कोरंच आहे.

चौकटीतला

दादा, तुम्ही रात्रीपासून सुरुवात केलीत तिथंच घोळ झाला. रात्र, कमळ, ढग, पाणी हे रचणाऱ्यांचे लाडके शब्द, कारण त्यांना समानार्थी ढिगानं मिळतात. अशा ठिकाणी पहिलं सुचलेलं उत्तर लिहायचं नाही, पेन्सिलनंसुद्धा नाही. ज्या संकेताला एकच उत्तर असू शकतं तो आधी पकडायचा. तुमच्या कोपऱ्यात तो उभे ६ आहे. मेघ आणि लवकर यांच्यामध्ये स्वल्पविराम आहे, म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ. ढग पन्नास असतील, पण ज्याचा अर्थ लवकर असाही होतो तो एकच: जलद.

लिहा आणि बघा काय होतं. वरच्या ओळीच्या मधल्या घरात ज आला, म्हणजे यामिनी गेली. मध्ये ज असलेली तीन अक्षरी रात्र कोणती? रजनी. मग पहिलं घर र, आणि र पासून दोन अक्षरी धूळ तुम्हाला येईलच. कमळाच्या मधल्या घरात ल आहे. कमळ आणि झोप मी सांगत नाही, नाहीतर तुमच्यासाठी काही उरायचंच नाही.

कमळासाठी एक किल्ली देतो, आयुष्यभर पुरेल. पाण्याचा कुठलाही शब्द घ्या. पुढं ज लावला की कमळ, द लावला की ढग, धी लावला की समुद्र. वारिज, वारिद, वारिधी. अंबुज, अंबुद, अंबुधी. ज म्हणजे जन्मलेला, द म्हणजे देणारा. तुमच्याकडं ढग आला आहे, तर त्याच पाण्यातून कमळ काढा.

बाकी हा कोपरा रचणाऱ्यानं आळसानं केलाय. चहूकडून काळी घरं, बाहेरच्या शब्दाचं एक अक्षरसुद्धा आत येत नाही. तुम्ही अडलात यात नवल नाही.

खोडरबर

कमळ अजून कोणी सांगितलं नाही म्हणून मीही सांगत नाही. पण कोश उघडून कोडं सोडवणं म्हणजे कॉपी, हे माझं जुनं मत आहे आणि ते बदलणार नाही. दोन दिवस तसंच पडू द्या. भाजी चिरताना आठवतं.

निवृत्तमास्तर

वेलांटीबद्दल स्पष्ट सांगतो: चालत नाही. इंग्रजी कोड्यात एका घरात एक सुटं अक्षर, बास. (१९१३ साली न्यूयॉर्कच्या एका पेपरात पहिलं कोडं आलं तेव्हापासून तसंच.) आपल्याकडं घरात अख्खं अक्षर बसतं: मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर सगळ्यासकट. म्हणून निद्रा दोन घरांत मावते. शब्द तोकडे होतात, पण एकेक घर जास्त बोलतं. तुमच्या रजनीच्या शेवटी दीर्घ नी आहे. निद्रेतला नि ऱ्हस्व. एवढ्या एका वेलांटीवर निद्रा बाद. नीपासून सुरू होणारी झोप शोधा.

नियम फार नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये आणखी ४ वाढले. कोड्यापुरते दोन लक्षात ठेवा. एक, शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, रवी, रजनी, गुरू. जुन्या पुस्तकात कवि, गुरु दिसेल, पण पेपरातलं कोडं नव्या नियमानं चालतं. आणि, नि, परंतु, तथापि असे मोजके शब्द सोडा. दोन, शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार मराठी शब्दांत दीर्घ: वीट, फूल, जमीन. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र मूळचे राहतात: गुण, विष, मंदिर. हाच फरक तुमच्या उभे १९ मध्ये दडलाय. डोकं या अर्थी शिर, नस या अर्थी शीर.

समासात पहिला शब्द पुन्हा ऱ्हस्व होतो, म्हणून रविवार, बुद्धिबळ. आणि तुमच्या भोकातून जे दिसतंय ते राशिभविष्य. सवय आहे, राग मानू नका.

मांडवीकर

अरे वा, आपल्या गावचं कोणीतरी! पुणे जिल्ह्यातले तीन अक्षरी तालुके: जुन्नर, मावळ, मुळशी, शिरूर, हवेली. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, भोर, दौंड, खेडसुद्धा. ही मंडळी फिरून फिरून येतात. मी नाशिक, सातारा, रत्नागिरीचेही लिहून ठेवलेत. मुलगी विचारते, बाबा बदलीची ऑर्डर आली का?

त्याच वहीत छोटे शब्दही लिहा. शर बाण, रद दात, वसन कपडा, सुत मुलगा, नग डोंगर, पय दूध किंवा पाणी, कनक सोनं किंवा धोत्रा. कर म्हणजे हात, सारा, किरण, काहीही. बोलताना हे कोणी वापरत नाही, पण कोडी यांच्यावरच उभी असतात. तुमची घरातली मराठी कितीही चांगली असली तरी त्यात रद कुठून येणार?

खोडरबर यांना नमस्कार करून सांगतो, कोश बघाच. मांडवीजवळच्या आपल्या सेंट्रल लायब्ररीत मराठी विभाग आहे. सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेली लायब्ररी, तिथं मराठी नसेल तर कुठं असेल! घरबसल्या हवं असेल तर शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही शब्दकोश फुकट शोधता येतात. मोल्सवर्थची १८५७ची आवृत्ती आहे, त्यामुळं शुद्धलेखन जुनं. अर्थ तिथून घ्या, वेलांटी मास्तरांकडून.

रावपुरा_घड्याळवाला

बसलं सगळं! जलज आणि नीज. नीज तर आमच्या आजीच्या तोंडात रोज असायचं, "नीज आता", पण पेपरात झोप वाचल्यावर डोक्यात एकदम निद्राच येते. उभे १९ शीर, म्हणजे शेवटचं घर शी, म्हणजे मुळशी. शिरूरवर मी पैज लावायला निघालो होतो.

फरसाणवाल्याला धूळ विचारली. गाठियाची पुडी बांधता बांधता म्हणाला, "रज एटले धूळ, एमां शुं!" गुजरातीत हा शब्द मीही शाळेत शिकलोय, पण मराठी कोड्यात तो चालेल असं डोक्यातच आलं नाही. आता तो म्हणतो अर्धं कोडं त्यानं सोडवलं.

आज पुन्हा दोन अंक एकदम आले आहेत. नव्या कोड्यात 'धान्य साठवण्याची जागा (३)' आहे. कोठार घालणार होतो, मग कणगी सुचली, पण उभ्या शब्दातून मधलं अक्षर ळ आलंय आणि ते पक्कं आहे. दोन्ही बाद. मराठीत आणखी कशात धान्य भरतात?

चौकटीतला

बळद. जुन्या वाड्यांत धान्यासाठी भिंतीतच जागा ठेवायचे, ती. गुजरातीत बळद म्हणजे बैल, तेव्हा शेजारी विचारायच्या आधी लिहून टाका.