शॉन ओगचे तीन संप: डाग की कमाई?

ली-काठ

आठ वर्षं झाली आयर्लंडमधल्या कॉर्कला येऊन. धाकटा इथल्या क्लबात हर्लिंग खेळतो, त्यामुळे माझी शनिवारची सकाळ मैदानाच्या कडेला जाते. गेल्या शनिवारी तिथे दोन आजोबांची चांगलीच जुंपली. एकाचं म्हणणं, शॉन ओग ओ हालपीनसारखा डावा हाफ-बॅक कॉर्कनं पुन्हा पाहिला नाही. दुसऱ्याचं म्हणणं, असेल, पण त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी तीनदा संप करून कॉर्कचं हर्लिंग मोडलं. दोघं जन्माचे शेजारी, आणि हा वाद त्यांच्यात वर्षानुवर्षं चाललाय.

मी पहिल्या आजोबांच्या बाजूचा. का, ते सांगतो. पटलं नाही तर खोडून काढा.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. दोन्हीकडे पंधरा गडी, काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याच्या संघांचा) मोठा सामना ७० मिनिटांचा. हातात ॲशच्या लाकडाची हर्ली, चेंडूला म्हणतात स्लिटर. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. दांडीवरून गेला तर १. आणि मुख्य गोष्ट, खेळाडूंना पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात ८२ हजार माणसं तिकीट काढून बसतात आणि मैदानातला माणूस सोमवारी सकाळी आपल्या नोकरीवर हजर असतो.

शॉन ओग १९७७ साली फिजीत जन्मला. आई फिजीच्याच रोटुमा बेटाची, वडील आयर्लंडमधल्या फर्मॅना काउंटीचे. बालपण सिडनीत गेलं आणि १९८८ मध्ये कुटुंब कॉर्कला आलं. म्हणजे अकराव्या वर्षापर्यंत या पोराचा हर्लिंगशी संबंध नव्हता. आयर्लंडचे थोर समालोचक मिहाल ओ मुरहर्टी यांनी एकदा सामन्याचं वर्णन करताना सांगितलं होतं की याचे वडील फर्मॅनाचे, आई फिजीची, आणि दोन्हीपैकी एकही गाव हर्लिंगचा बालेकिल्ला नव्हे. इथे लहान पोरांनाही ते वाक्य पाठ आहे.

१९९९ मध्ये कॉर्कनं किलकेनीला १३ विरुद्ध १२ अशा एका गुणानं हरवून ऑल-आयर्लंड, म्हणजे सगळ्या काउंट्यांमधलं अजिंक्यपद, जिंकलं, त्या संघात तो होता. त्याच महिन्यात तो कॉर्ककडून गेलिक फुटबॉलचीही फायनल खेळला, ती मीथनं जिंकली. २००१ मध्ये मोटार अपघातात गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. परत उभा राहील की नाही अशी अवस्था होती. त्यातून उठून २००३, २००४, २००५ असा सलग तीन वर्षं ऑल-स्टार, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात निवड, २००४ मध्ये वर्षाचा सर्वोत्तम हर्लर, २००५ मध्ये कप्तान आणि हातात ऑल-आयर्लंडचा लिअम मकार्थी चषक.

आणि याच माणसाच्या नावावर तीन संप. २००२ च्या अखेरीस, २००७-०८ मध्ये, पुन्हा २००८-०९ मध्ये. माझं मत असं की हे संप बाजूला काढून त्याची कारकीर्द सांगताच येत नाही. त्यानं जे मैदानात केलं तेच मैदानाबाहेरही केलं.

बांधावरचा

धाग्याबद्दल आभार, पण शेवटचं वाक्य अजिबात मान्य नाही. मी दहा वर्षं लिमरिकला होतो, आता पुण्यात आहे. जीएए ही हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल चालवणारी, १८८४ मध्ये उभी राहिलेली संघटना. तिचं सगळं काम गावातल्या माणसांच्या जिवावर चालतं. मैदानाचं गवत कापणारा, मुलांना सरावाला नेणारा, फाटकावर तिकीट फाडणारा, कुणालाच पैसे मिळत नाहीत. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या बोर्डावर बसतात तेही क्लबांनीच पाठवलेले. संप म्हणजे काय, तर जे तुमच्यासारखेच फुकट राबतात त्यांच्याच विरुद्ध काम बंद करणं. कारखान्याच्या मालकाविरुद्धचा संप समजू शकतो. इथे मालक कोण?

शिवाय २००७ मध्ये थर्ल्सला क्लेअरविरुद्धच्या सामन्याआधी, दोन्ही संघ मैदानात येतानाच जी हाणामारी झाली, त्यात शॉन ओगवरही बंदी आली होती. तेही कारकिर्दीतच धरा.

रात्रपाळी

मी डब्लिनला परिचारिका आहे, खेळातलं फार कळत नाही. पण गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध तुटलेला माणूस कसा असतो ते मला माहीत आहे. पलंगावर बसून पाय सरळ उचल म्हटलं तर मांडी थरथरते आणि टाच गादीवरून सुटत नाही. पेशंट आपल्या पायाकडे बघत राहतो, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. तिथून परत पळायला लागायचं म्हणजे महिनोन्‌महिने रोज तेच तेच व्यायाम, रोज दुखणं.

२००२ च्या संपातल्या मागण्या मी मुद्दाम वाचल्या. वैद्यकीय व्यवस्था, प्रवासाची सोय, व्यायामशाळा, घरच्यांना सामन्याची तिकिटं. पगार नव्हता मागितला. ज्यानं नुकताच स्वतःचा गुडघा परत मिळवलाय त्यानं पंधरा जणांसाठी नीट औषधोपचार मागितले, यात काय चुकलं? बांधावरचा, फुकट राबणाऱ्यांत फरक असतो. गवत कापणाऱ्याचा गुडघा त्या कामात जात नाही.

बांधावरचा

रात्रपाळी, २००२ चा संप मी सोडून देतो. खरं सांगायचं तर तो बरोबरच होता. महिन्याभरात मिटला, पुढच्या वर्षी संघ फायनलला गेला. माझा राग पुढच्या दोन संपांवर आहे.

२००७-०८ मध्ये वाद सोयींचा नव्हताच. संघ निवडणारे आपले सहकारी प्रशिक्षकानं स्वतः ठरवायचे की बोर्डानं नेमायचे, हा वाद. मूळ कॉर्कच्या गेलिक फुटबॉल संघाचा, हर्लर त्यात सामील झाले. लीगचे सुरुवातीचे सामने सोडून द्यावे लागले, शेवटी सरकारी मध्यस्थ किअरन मल्व्ही यांना निवाडा करावा लागला. आणि २००८-०९ मध्ये तर थेट माणसावर. प्रशिक्षक जेराल्ड मकार्थी नको! कोण हे मकार्थी? १९६६ मध्ये कॉर्कचे कप्तान, पाच ऑल-आयर्लंड पदकं. त्या माणसाला मार्च २००९ मध्ये पद सोडायला लावलं. खेळाडूंनी प्रशिक्षक ठरवायचा ही कुठली पद्धत?

आणि तेव्हा कॉर्कची जर्सी घालून जी नवखी पोरं लीगमध्ये उतरली आणि हरली, त्यांचं काय? संप मिटला, मोठे परतले. त्या पोरांच्या वाट्याला काय आलं?

हुतूतू

सांगलीकडे पोरांना कबड्डी शिकवतो, हर्लिंग फक्त मोबाइलवर पाहिलंय. संपाबद्दल मी बोलणार नाही, माझा तो अधिकार नाही. पण ली-काठ, बचाव करणारा मोठा होता म्हणताय तर तो बचाव कसा होता ते सांगा ना. आमच्यात कोपऱ्यातला गडी पाय धरतो तो सगळ्यांना दिसतो. यांच्यात काय बघायचं?

ली-काठ

हुतूतू, हे विचारलंत ते फार बरं केलंत. मी आधीच सांगायला हवं होतं.

हाफ-बॅकची ओळ म्हणजे तीन गडी, पाठीवर ५, ६, ७. त्या काळात कॉर्कचे जॉन गार्डिनर, रोनन करन आणि ७ नंबरवर शॉन ओग. समोरच्या गोलरक्षकानं चेंडू मारला की तो साठ-सत्तर मीटर उडत नेमका या तिघांच्या डोक्यावर येतो. खाली तुम्ही आणि तुमच्या अंगाला अंग लावून समोरच्या संघाचा फॉरवर्ड. दोघांच्या हातात काठी, दोघांची नजर वर. तुम्ही हात वर केला की त्याची हर्ली तुमच्या बोटांवर येऊ शकते, हे तुम्हाला माहीत असतं. तरी हात वर करायचा. शॉन ओग एका हातातली हर्ली ढालीसारखी आडवी धरी आणि दुसऱ्या उघड्या पंज्यात चेंडू घेई. मग खांदा घालून बाहेर पडायचं, चार पावलांत चेंडू हातातून सोडायचा, नाहीतर फाउल.

माझ्या धाकट्याला आमचे क्लबातले सर आधी हेच शिकवतात. रिकाम्या हाताने, हर्ली न देता. चेंडू वर फेकतात आणि म्हणतात, डोळे मिटायचे नाहीत. पहिल्या दिवशी पोरगा दर वेळी डोळे मिटत होता.

२००४ ची फायनल मिळाली तर जरूर पाहा. किलकेनी लागोपाठ तिसऱ्यांदा जिंकायला आले होते, त्यांचा नामांकित फॉरवर्ड हेन्री शेफलिन त्यांच्यात. कॉर्कनं त्यांना एकही गोल करू दिला नाही. १७ विरुद्ध ९. गुण करणारे वेगळे होते, पण किलकेनीला नऊवर ठेवलं ते या तिघांनी आणि त्यांच्या मागच्या तिघांनी.

बांधावरचा, थर्ल्सची हाणामारी मान्य. ती वाईटच होती.

पण जर्सी घालणाऱ्या पोरांबद्दल मला तुमच्याइतकंच वाटतं, आणि त्याचा दोष मी एकट्या खेळाडूंवर टाकणार नाही. २००८ चा अख्खा संघ नको म्हणतोय हे दिसत असताना नवखी पोरं पुढे करायचा निर्णय बोर्डाचा होता. आणि फेब्रुवारी २००९ मध्ये कॉर्कच्या रस्त्यावर हजारोंचा मोर्चा निघाला तो खेळाडूंच्या बाजूनं. त्यात तीच क्लबातली माणसं होती, गवत कापणारी, तिकीट फाडणारी. तुम्ही म्हणता संप गावाविरुद्ध होता. गाव तर रस्त्यावर त्यांच्याबरोबर चालत होतं.

पाऊसपाणी

मोर्चाला गर्दी होती म्हणून बाजू खरी ठरत नाही. आकडा बघा. २००५ पर्यंत कॉर्कची ३० ऑल-आयर्लंड अजिंक्यपदं. त्यानंतर २०२५ पर्यंत एकही नाही. २००६, २०१३, २०२१, २०२४, २०२५, पाच वेळा फायनलला जाऊन हरले. जी पिढी मैदानात सर्वांत तयार होती तिनं आपली उमेदीचे दोन हिवाळे बैठकींत आणि पत्रकांत घालवली. तेवढ्यात किलकेनीनं ब्रायन कोडींच्या हाताखाली २००६ ते २००९ सलग चार जिंकले.

रात्रपाळी

पाऊसपाणी, २०२४ ला क्लेअरकडून जादा वेळेत एका गुणानं हरले, त्या सामन्यातली कित्येक पोरं शेवटच्या संपाच्या वेळी प्राथमिक शाळेत असतील. त्यांच्या हरण्याचा हिशेब शॉन ओगकडे कसा मागायचा? आणि २००६ ला कॉर्क फायनल किलकेनीकडून हरले तेव्हा मधल्या चार वर्षांत एकही संप नव्हता. किलकेनी तेव्हा फार चांगले होते, एवढंच.

पाऊसपाणी

२०२४ चं बोलणं मागे घेतो. २००८ आणि २००९ चं नाही.

बांधावरचा

ली-काठ, तुम्ही एक गोष्ट सांगितली नाहीत, ती मीच सांगतो, कारण ती तुमच्या बाजूची आहे आणि ती लपवून वाद जिंकणं मला जमणार नाही. मकार्थी गेल्यावर डेनिस वॉल्श आले. म्हणजे संपामुळे जागा रिकामी झाली आणि त्या जागेवर आलेल्या प्रशिक्षकानं २०१० च्या हंगामानंतर शॉन ओगलाच वगळलं. तेव्हा त्यानं काही संप पुकारला नाही. निवृत्तीही जाहीर केली नाही. आपल्या ना पीअर्सी क्लबाकडे परत गेला, सराव करत राहिला, आणि नवे प्रशिक्षक जिमी बॅरी-मर्फींनी बोलावल्यावर २०१२ मध्ये पस्तिशीत पुन्हा कॉर्कची जर्सी घातली. त्या वर्षी उपांत्य सामन्यात गॉलवेकडून हरले आणि मग तो थांबला.

हे वाचताना मला दरवेळी अडखळायला होतं. जो माणूस केवळ स्वतःची जागा राखायला भांडत असता, तो तेव्हा असा गप्प बसला नसता. तरी मकार्थींबद्दलचं माझं मत बदलत नाही.

ली-काठ

धन्यवाद. हे मी लिहायला हवं होतं, तुम्ही लिहिलंत.

मकार्थींना जे सोसावं लागलं ते त्यांच्या वाट्याला यायला नको होतं, यात माझंही दुमत नाही. त्यांना पुन्हा नेमण्याआधी संघाला नीट विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला वाटतं.

एक शेवटची गोष्ट. २००५ ला चषक हातात घेऊन त्यानं केलेलं सगळं भाषण आयरिशमध्ये होतं. अकराव्या वर्षी कॉर्कला आल्यावर नॉर्थ मोनॅस्टरीच्या शाळेत शिकलेली भाषा. फिजीहून इथवरचा रस्ता किती लांबचा, ते त्यानं त्या भाषेत सांगितलं. माझा धाकटाही आता शाळेत आयरिश शिकतो. परवा ते भाषण लावलं तर तो मध्येच थांबवून मला शब्दांचे अर्थ सांगायला लागला. तीन शब्द त्याला येत नव्हते. ते तो सोमवारी बाईंना विचारणार आहे.