पायथनच्या प्रॉम्प्टवर बाणाची कळ दाबल्यास विचित्र चिन्हे उमटतात. हिस्टरी आणि टॅब कंप्लीशन कसे सुरू करावे?

प्रश्न: मृण्मयी_ज

लिनक्सवर पायथन ३.१२ चा सोर्स कोड उतरवून मी तो स्वतः कंपाइल केला आहे. फाइलमधले प्रोग्राम व्यवस्थित चालतात, परंतु प्रॉम्प्टवर काम करताना फार अडचण होते. आधीची ओळ परत आणण्यासाठी वरच्या बाणाची कळ दाबली, तर ती ओळ येण्याऐवजी टोपीचे चिन्ह, दोन उघडे चौकोनी कंस आणि रोमन ‘ए’ अशी अक्षरे उमटतात. टॅब दाबल्यावर नुसती मोकळी जागा सुटते. बॅकस्पेस मात्र नीट चालतो. याच संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर आलेल्या पायथनमध्ये हे सर्व सुरळीत चालते, म्हणून टर्मिनलमध्ये दोष नसावा असे वाटते. कंपाइल करताना काही राहून गेले असेल का?

प्रतिसाद १: शेखर_म

तुमचा अंदाज बरोबर आहे. ओळ संपादित करणे, जुन्या ओळी परत आणणे आणि टॅबने नाव पूर्ण करणे ही कामे पायथन ३.१२ स्वतः करत नाही. ती ग्नू रीडलाइन नावाच्या वेगळ्या लायब्ररीकडे सोपवलेली असतात. कंपाइल करताना त्या लायब्ररीच्या हेडर फाइली (लायब्ररीत काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या फाइली) सापडल्या नाहीत, तर पायथन तक्रार करून थांबत नाही, रीडलाइन मॉड्यूल वगळून पुढे जाते. ‘मेक’च्या (प्रत्यक्ष बांधणी करणाऱ्या आज्ञेच्या) शेवटी, जे ऐच्छिक मॉड्यूल बांधता आले नाहीत त्यांची यादी छापली जाते, पण ती इतक्या मजकुराच्या खाली येते की बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तुमच्या यादीत रीडलाइनचे नाव नक्की असणार.

उमटलेल्या चिन्हांचा अर्थ समजला की बॅकस्पेस का चालतो हेही कळते. बाणाची कळ दाबल्यावर टर्मिनल तीन अक्षरे पाठवतो: एस्केप, चौकोनी कंस आणि ‘ए’. एस्केप हे न छापता येणारे अक्षर असल्यामुळे ते टोपी आणि कंस अशा जोडीने दाखवले जाते, आणि म्हणून तुम्हाला दोन कंस दिसतात. नेहमीच्या अवस्थेत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) एंटर दाबेपर्यंत ओळ स्वतःजवळ राखून ठेवतो आणि त्याला संपादनाच्या मोजक्याच गोष्टी येतात: एक अक्षर पुसणे, कंट्रोल-डब्ल्यूने एक शब्द पुसणे, कंट्रोल-यूने सगळी ओळ पुसणे. बाण म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसते. रीडलाइन ही अवस्था बदलून प्रत्येक अक्षर आले तसे स्वतः वाचते, त्या तीन अक्षरांचा अर्थ लावते आणि ओळ नव्याने रंगवते.

उपाय असा: डेबियन किंवा उबुंटू असेल तर रीडलाइनचे डेव्ह पॅकेज घाला, फेडोरा असेल तर डेव्हेल पॅकेज घाला, आणि त्यानंतर कॉन्फिगर (बांधणीआधी तपासणी करणारी स्क्रिप्ट) पुन्हा चालवून पायथन नव्याने बांधा. नुसते मेक पुन्हा चालवून भागणार नाही, कारण कोणत्या लायब्ररी उपलब्ध आहेत याची नोंद कॉन्फिगरच्या वेळी होते. शेवटी प्रॉम्प्टवर रीडलाइन मॉड्यूल इम्पोर्ट करून पाहा. त्रुटी आली नाही तर काम झाले. पायथन ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून, हिस्टरी आणि टॅब या दोन्ही सोयी आपोआप सुरू होतात. त्याआधी त्यासाठी स्टार्टअप फाइल (प्रॉम्प्ट उघडताना आपोआप चालणारी फाइल) लिहावी लागत असे.

प्रतिसाद २: अनघा_प

इतके करण्यापेक्षा आयपायथन हा पायथनचा वेगळा, अधिक सोयींचा प्रॉम्प्ट बसवावा, असे मी सुचवेन. त्याची आवृत्ती ५ (२०१६) पासून तो रीडलाइनऐवजी प्रॉम्प्ट टूलकिट ही पायथनमध्येच लिहिलेली लायब्ररी वापरतो, त्यामुळे हेडर फाइलींचा प्रश्नच उद्भवत नाही. अनेक ओळींचे फंक्शन एकसंध परत येते, हिस्टरी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये राहते, आणि डिक्शनरीच्या किल्ल्यासुद्धा टॅबने पूर्ण होतात.

प्रतिसाद ३: दत्ता_क

आयपायथन उत्तम आहे, यात शंका नाही. तरीही मूळ प्रॉम्प्ट दुरुस्त करून घ्यावा असे माझे ठाम मत आहे, कारण रीडलाइनच्या कळा एकदा हाताला बसल्या की बॅश (शेल) आणि जीडीबी (डीबगर) यांसारख्या अनेक ठिकाणी त्याच उपयोगी पडतात. कंट्रोल-ए ने ओळीच्या सुरुवातीला, कंट्रोल-ई ने शेवटी. कंट्रोल-के ने कर्सरपुढचा भाग कापायचा आणि कंट्रोल-वाय ने तो हवा तिथे आणायचा. सर्वांत मोलाची कळ कंट्रोल-आर. ती दाबून जुन्या ओळीतला एखादा तुकडा टंकला, की तो जिथे आहे ती सर्वांत अलीकडची ओळ समोर येते, आणि पुन्हा दाबल्यास तिच्याही आधीची. उलट दिशेने येण्यासाठी कंट्रोल-एस आहे, पण बऱ्याच टर्मिनलांत ती कळ पडद्यावरचा प्रवाह थांबवण्यासाठी राखलेली असते, आणि प्रोग्राम अडकला असे समजून लोक खिडकीच बंद करतात. तशा वेळी कंट्रोल-क्यू दाबावे.

टॅबबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ते कसे चालते हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात. पायथनचा आरएल-कंप्लीटर (टॅबसाठी नावे सुचवणारे मॉड्यूल) तुमचा कोड वाचून अंदाज बांधत नाही. टिंबाच्या आधीचे नाव तो खरोखर इव्हॅल्युएट करतो आणि मिळालेल्या ऑब्जेक्टलाच त्याची ॲट्रिब्यूट्स विचारतो. म्हणून मॉड्यूल इम्पोर्ट होण्यापूर्वी त्यातले काहीच सुचवले जात नाही, आणि इम्पोर्ट होताच त्या क्षणी जे खरोखर उपलब्ध आहे तेच दिसते. फंक्शनला कॉल करून त्यापुढे टिंब दिले, किंवा लिस्टमधल्या घटकापुढे टिंब दिले, तर मात्र टॅब गप्प राहतो, कारण कंप्लीटर फक्त टिंबांनी जोडलेली साधी नावे ओळखतो. नुसत्या टॅबसाठी कॉल चालवणे धोक्याचे ठरले असते, त्यामुळे ही मर्यादा मला योग्य वाटते. उपायही सोपा आहे: मूल्य एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि मग टॅब दाबा. अंडरस्कोरने सुरू होणारी नावे दडवलेली असतात. अंडरस्कोर टंकून टॅब दाबला की ती दिसतात.

मॅक वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे पुष्कळदा रीडलाइनच्या जागी लिबएडिट ही तशीच दुसरी लायब्ररी असते. ती रीडलाइनची इनपुट-आरसी ही सेटिंगची फाइल वाचत नाही, तिची एडिट-आरसी ही वेगळी फाइल असते आणि कळा नेमून देण्याची भाषाही वेगळी असते. लिनक्सवरच्या सेटिंग जशाच्या तशा नेल्या आणि चालल्या नाहीत, तर कारण बहुधा हेच असते.

मृण्मयी_ज

शेखर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पॅकेज घालून पायथन पुन्हा बांधले आणि बाण, हिस्टरी व टॅब तिन्ही चालू झाले. आपणा सर्वांचे आभार. आता दोन शंका उरल्या आहेत. मी दोन खिडक्यांत पायथन एकाच वेळी उघडे ठेवते. दोन्ही बंद केल्यावर एकाच खिडकीतल्या ओळी हिस्टरीत राहिलेल्या दिसतात. तसेच पासवर्ड असलेली ओळ हिस्टरीत जाऊ नये यासाठी काय करावे?

प्रतिसाद ४: शेखर_म

हिस्टरी पायथन बंद होताना लिहिली जाते आणि ती जोडली जात नाही, तर पूर्ण फाइल नव्याने लिहिली जाते. प्रत्येक खिडकीजवळ सुरुवातीला वाचलेल्या ओळी आणि तिच्या स्वतःच्या ओळी एवढेच असते, त्यामुळे जी खिडकी शेवटी बंद होते तिचीच यादी टिकते. आणि प्रोसेस किल केली तर त्या सत्रातले काहीच लिहिले जात नाही.

पायथन ३.५ पासून रीडलाइन मॉड्यूलमध्ये फक्त नव्या ओळी फाइलीच्या शेवटी जोडणारे फंक्शन आहे. स्टार्टअप फाइलमध्ये स्वतःची वेगळी हिस्टरी फाइल वाचा, तेव्हाची ओळींची संख्या लक्षात ठेवा, आणि ॲट-एक्झिट मॉड्यूलच्या साह्याने, बंद होताना जितक्या ओळी वाढल्या तितक्याच जोडा. स्टार्टअप फाइलने हिस्टरी आधीच भरलेली आढळली, तर ३.१२ मध्ये पायथन आपली नेहमीची फाइल वाचत नाही आणि लिहीतही नाही. मात्र पहिल्या वेळी तुमची फाइल रिकामी असेल तर ही अट पूर्ण होत नाही, म्हणून तिच्यात आधीच एखादी ओळ घालून ठेवा.

पासवर्ड ओळीत टंकूच नये. गेटपास मॉड्यूलने विचारून घ्यावा, म्हणजे तो पडद्यावरही दिसत नाही आणि हिस्टरीतही जात नाही. चुकून टंकला गेलाच, तर त्याच सत्रात हिस्टरीतली ती नोंद क्रमांकाने काढून टाकता येते. फक्त क्रमांक शून्यापासून मोजायचा असतो, आणि नोंद काढण्यासाठी टंकलेली ओळसुद्धा यादीत जमा होते, हे ध्यानात ठेवा.

प्रतिसाद ५: दत्ता_क

अनघा यांनी अनेक ओळींच्या फंक्शनचा मुद्दा मांडला, तो ३.१२ पर्यंत अगदी खरा आहे. तिथे हिस्टरीतली प्रत्येक ओळ सुटी असते, आणि एक फंक्शन दुरुस्त करायचे तर बाण दाबून एकेक ओळ पुन्हा आणावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ मध्ये पायपाय (पायथनची एक वेगळी अंमलबजावणी) या प्रकल्पातल्या कोडवर आधारलेला नवा प्रॉम्प्ट आहे. त्यात संपूर्ण ब्लॉक एकत्र परत येतो, एफ-२ ने प्रॉम्प्टची चिन्हे वगळून हिस्टरी पाहता येते आणि एफ-३ ने मोठा मजकूर चिकटवण्याची सोय मिळते. मृण्मयी, तुमच्या कामाला ३.१२ च लागत नसेल, तर पुढच्या वेळी ३.१३ बांधून पाहा. ३.१२ वरच राहायचे असेल, तर लांब फंक्शन फाइलमध्ये लिहून पायथनला ‘आय’ हा पर्याय देऊन ती फाइल चालवा; फाइल संपल्यावर प्रॉम्प्ट उघडतो आणि तिच्यातली सर्व नावे टॅबसाठी तयार असतात.