सल्ला हवा : आईच्या गुडघ्यांसाठी ऑटोफॅजीच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

कास्तकार_दारव्हा : आईचे वय ६१ आहे. दोन्ही गुडघ्यांत ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्यांची झीज) असल्याचे एक्स-रे पाहून डॉक्टरांनी सांगितले आहे. पेशी आपल्यातला निकामी झालेला भाग मोडून पुन्हा वापरतात, त्या क्रियेला म्हणजे ऑटोफॅजीला चालना देणाऱ्या कॅप्सूल ऑनलाइन मिळतात, असे एका नातेवाइकाने कळवले. कापसाचे पैसे हाती येईपर्यंत महिना २,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च शक्य नाही. त्या घ्याव्यात का?

पांढरे_सोने : सरळ नागपूरला जाऊन दोन्ही गुडघे बदलून घ्या. माझ्या वडिलांचे बदलले आणि ते आता आठवडी बाजारात पायी जातात. २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातल्यापासून खर्चही उतरला आहे.

वर्धेची_लेक : मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. मूळ कल्पना भक्कम आहे. कूर्चेत, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरात, रक्तवाहिन्या नसतात आणि तिच्यातील पेशी प्रौढ वयात क्वचितच विभागतात, त्यामुळे आहे त्याच पेशीला वर्षानुवर्षे स्वतःची डागडुजी करत टिकावे लागते. वयाबरोबर ऑटोफॅजी मंदावली की ही डागडुजी मागे पडते. एमटॉर नावाचे प्रथिन ऑटोफॅजीला आवर घालते. ते रोखणाऱ्या रॅपामायसिनमुळे उंदरांच्या गुडघ्यांची झीज कमी झाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र हेच औषध मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात, म्हणून ते केवळ सांध्यातच सोडता येईल का, यावर प्रयोग चालू आहेत. ऑटोफॅजी वाढवून ऑस्टिओआर्थ्रायटिस बरा करणारे एकही मंजूर औषध आज बाजारात नाही. कॅप्सूल घेऊ नका.

निवृत्त_गुरुजी : ऑटोफॅजीच्या संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. उपाशी राहिल्याने ती वाढते, त्यामुळे दर एकादशीला उपवास धरावा. मला स्वतःला गुण आला आहे आणि एक रुपयाही लागला नाही.

वर्धेची_लेक : गुरुजी, ओसुमींचे ते काम यीस्टच्या पेशींवर होते. शिवाय दिवसभर साबुदाणा आणि शेंगदाणे खाल्ल्यास शरीर उपाशी राहत नाही, आणि खरोखरच उपाशी राहिल्यास या वयात मांडीचे स्नायू घटतात, ज्यांच्यावर गुडघ्याचा भार तोलला जातो.

निवृत्त_गुरुजी : मी भगर खातो, साबुदाणा नव्हे.

पुसदकर : २०२५ मध्ये जास्त वजनाच्या १०७ रुग्णांवर मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत त्यांच्या गुडघ्याच्या वेदना कमी झाल्या आणि हे औषध स्वस्तही आहे.

मेळघाटची_वाट : माझ्या सासूबाई मधुमेहासाठी तेच घेतात, तरी त्यांचे गुडघे दुखतात. मला अधिक भीती बाजारातल्या बिननावाच्या चूर्णाची वाटते. ते घेतल्यावर त्यांचे दुखणे झपाट्याने थांबले, पण पुढे चेहरा सुजला आणि साखर वाढली. त्यात स्टेरॉइड मिसळलेले असावे, असे डॉक्टर म्हणाले.

पांढरे_सोने : म्हणूनच ऑपरेशन करा, असे मी पहिल्यापासून सांगत आहे.

वर्धेची_लेक : ऑपरेशनची वेळ आली आहे का, हे आधी तपासावे लागेल. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दाखवा आणि मांडीचे व्यायाम शिकून घ्या. वजन जास्त असल्यास एक किलो कमी झाल्याने चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. मेटफॉर्मिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

कास्तकार_दारव्हा : सर्वांचा मनापासून आभारी आहे. कॅप्सूल, उपवास आणि ऑपरेशन यांपैकी काहीही सध्या करणार नाही. सेवाग्रामचा सल्ला मला पटतो, परंतु वेचणी संपेपर्यंत आई वावर सोडण्यास तयार नाही आणि तिला ओढून नेणे मला जमणार नाही. उकिडवे बसून केलेल्या निंदणाने तिचे गुडघे सर्वाधिक दुखतात, म्हणून या महिन्याच्या पैशांतून शौचालयात कमोडची खुर्ची ठेवणार आहे आणि उरलेल्या पैशांत तिच्या वाट्याचे निंदण मजुरीने करून घेणार आहे. वर्धेच्या ताईंनी मांडीचे व्यायाम येथेच लिहून दिल्यास ते मी रोज तिच्याकडून करवून घेईन.