पहिलीच्या मुलांची चित्रकला पाड्यापासून सुरू करावी का?

प्रश्न (शिक्षिका, जव्हार तालुका)
नमस्कार. मी एका पाड्यावरील शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. वर्गातील बहुतेक मुले वारली आहेत. 'घर काढा' म्हटले की सगळी एकच चित्र काढतात: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, लाल कौलांचे घर आणि शेजारी नारळाचे झाड. आमच्या पाड्यावर नारळाचे एकही झाड नाही आणि यांतील पुष्कळ मुले कारवीच्या काड्यांच्या कुडाच्या (भिंतींच्या) घरांत राहतात. हे चित्र रंगवण्याच्या पुस्तकांतून आणि माझ्याच फळ्यावरून त्यांच्याकडे गेले आहे, हे मला मान्य आहे. सहकारी म्हणतात, वारली चित्रकला शिकवा. पण मग एका साच्याच्या जागी त्रिकोणी माणसांचा दुसरा साचा येईल, अशी भीती वाटते. सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १ (निवृत्त शिक्षक, डहाणू)
बाई, आकार नंतर, आधी साहित्य. भिंतीचा खालचा हातभर पट्टा मुलांकडूनच शेणमातीने सारवून घ्या आणि वाळल्यावर त्यावर गेरू फिरवा. तांदूळ भिजवून बारीक वाटा, थोडा डिंक घाला आणि बांबूच्या काडीचे टोक ठेचून मऊ करा. या पिठाची रेघ ओली असताना अंधुक दिसते आणि वाळता वाळता पांढरी होत जाते. ती उमटताना पाहण्यासाठी माझ्या वर्गातील सर्वांत दंगेखोर मुलेही भिंतीसमोर गप्प बसत असत. खडूच्या पेटीने हे कधी घडले नाही.

प्रतिसाद २ (बालवाडी शिक्षिका, नाशिक)
चार वर्षांच्या आसपासची मुले डोक्यालाच थेट पाय जोडून माणूस काढतात. ही चूक नव्हे, ते वय तसेच पाहते. पहिलीतही एखादे मूल तसे काढत असेल, तर दुरुस्त करू नका. त्यापेक्षा सगळ्यांना अंगणात नेऊन एकच गोष्ट बराच वेळ पाहू द्या.

प्रतिसाद ३ (तलासरी)
मी स्वतः वारली आहे. आमच्यात लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचे चौकोनी विधिचित्र, सुवासिनी 'लिहितात' (काढतात). त्यात पालघटदेवी असते आणि त्या विधीला मान आहे; म्हणून चौक वर्गात नकलेसाठी देऊ नये, ही विनंती. मात्र तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य, भातलावणी, झाडावर चढणारा माणूस हे सर्व मुलांचेच आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे मासेमारीचे जाळे पाहा, बारीक बारीक रेघांनी ते सगळी जागा व्यापते. असे जाळे डोळ्यांनी रोज पाहिलेल्यालाच सुचते. पाड्यावरच्या एखाद्या आजीला शाळेत बोलवा आणि तिला शिकवायला न सांगता नुसते लिहू द्या, मुले शेजारी बसतील.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. पट्टा सारवला, आजीही आल्या. परवा एका मुलीने कोंबडा काढताना काडी खाली ठेवली, ती ओल्या मातीतील ठसा पाहून आली आणि तिने पुढे तीन, मागे एक अशी बोटे काढली. तिच्या घराला कौले नाहीत, कुडाच्या उभ्या रेघा आहेत. एक सूचना नव्या वाचकांसाठी: वाटलेले पीठ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून रोज वाटीभरच वाटावे.